क्लेमच्या डेटावर पुनर्वसनाचं संशोधन: मॉडेल निवडण्याआधी पैशाचे नियम वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही नाशिकहून फिजिओथेरपी करून अमेरिकेत पीएचडीला आहात. तुमच्या गाइडकडे मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मुख्यतः वृद्धांसाठीच्या आरोग्य विम्याचा, क्लेम डेटा येणार आहे. पक्षाघातानंतर ज्यांना जास्त थेरपी मिळाली ते जास्त सुधारले का, आणि पुनर्वसन रुग्णालयात गेलेले रुग्ण नर्सिंग फॅसिलिटीत (रुग्णालयानंतर शुश्रूषा आणि थेरपी देणाऱ्या संस्थेत) गेलेल्यांपेक्षा बरे निघाले का, हे तुम्हाला पाहायचं आहे. त्यासाठी कोणतं मॉडेल वापरावं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एका ओळीत हेही, की असं काम महाराष्ट्रात जन आरोग्य योजनेच्या डेटावर होईल का.

मी आधी वॉर्डात फिजिओ होतो, आता बरीच वर्षं याच डेटावर काम करतो. माझं मत विचाराल तर मॉडेल ही सगळ्यात शेवटची गोष्ट. तुमचे दोन्ही प्रश्न थेरपीबद्दल आणि सुधारणेबद्दल आहेत, आणि क्लेममध्ये या दोन्ही गोष्टी थेट नसतात. क्लेम हा पैसे मागायला पाठवलेला कागद आहे. वाण्याच्या वहीवरून घरात किती तेल-डाळ आली ते कळतं, कुणाच्या ताटात काय पडलं ते कळत नाही. तेव्हा तुमची खरी अडचण अशी आहे: जो कागद पैशासाठी लिहिला गेला, त्यातून रुग्णाबद्दल काय आणि कितपत काढता येईल?

ही अडचण सगळ्याच क्लेम संशोधनाला आहे, पण पुनर्वसनात ती जास्त बोचते. अँजिओप्लास्टीचं बिल आलं तर अँजिओप्लास्टी झाली, असं बहुतेक वेळा धरून चालता येतं. आता बाह्यरुग्ण फिजिओचं बिल घ्या. त्यावर ९७११० हा कोड, पुढे दोन युनिट, आणि फिजिओथेरपीचा म्हणून ‘जीपी’ हे अक्षरजोड. ९७११० म्हणजे उपचारात्मक व्यायाम. वेळेनुसार मोजल्या जाणाऱ्या कोडचं एक युनिट पंधरा मिनिटांचं, पण मेडिकेअरच्या आठ मिनिटांच्या नियमाने एकूण २३ ते ३७ मिनिटं झाली की दोन युनिट लागतात. म्हणजे तुमच्या हातात काय आलं? तेवीस मिनिटं असतील किंवा सदतीस असतील. रुग्णाने खुर्चीतून उठायचा सराव केला, की सायकलवर बसून पाय फिरवले, की थेरपिस्टने बसल्या बसल्या गुडघा वाकवून दिला, यातलं काहीच नाही. तीव्रता नाही, वजन नाही, रुग्णाने किती साथ दिली ते नाही. चालण्याच्या सरावाला ९७११६ हा वेगळा कोड आहे, पण तीच अर्ध्या तासाची सेशन एक थेरपिस्ट ९७११६ खाली लिहितो आणि दुसरा ९७५३० (रोजच्या हालचालींचा सराव) खाली, कारण दोघांच्या क्लिनिकमध्ये बिलिंगची सवय वेगळी असते.

भरती रुग्णांचं तर त्याहून अवघड. नर्सिंग फॅसिलिटीला पैसे दिवसागणिक ठरलेल्या दराने मिळतात, पुनर्वसन रुग्णालयाला एका मुक्कामाचे ठरावीक. थेरपीची मिनिटं पाहायची असतील तर क्लेमला मूल्यांकनाच्या फाइली जोडाव्या लागतात: नर्सिंग फॅसिलिटीसाठी एमडीएस, पुनर्वसन रुग्णालयासाठी आयआरएफ-पीएआय. आणि मिनिटं मिळाली तरी ती जशीच्या तशी खरी मानू नका. का, ते सांगतो.

सप्टेंबर २०१९ पर्यंत नर्सिंग फॅसिलिटीचा दर थेरपीच्या मिनिटांवर ठरत होता. मूल्यांकनाच्या सात दिवसांत ४५, १५०, ३२५, ५०० आणि ७२० मिनिटं अशा पायऱ्या होत्या. ७२० ओलांडली की सगळ्यात वरचा गट आणि सगळ्यात वरचा दर. त्या काळातल्या मिनिटांचा आलेख काढून बघा. रुग्णांच्या गरजेप्रमाणे थेरपी दिली जात असती तर गुळगुळीत टेकडी दिसायला हवी. दिसतो तो सुळका, ७२० च्या किंचित पलीकडे. ७१० मिनिटांवर फारसं कुणी थांबत नाही, कारण तिथे थांबणं म्हणजे हातचे पैसे सोडणं. मग १ ऑक्टोबर २०१९ ला पीडीपीएम नावाची नवी पद्धत आली. मिनिटांचा आणि पैशाचा संबंध तुटला आणि त्याच महिन्यापासून मिनिटं घसरली. रुग्ण तेच होते, त्यांचे आजार तेच होते. आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे बघा: ‘जास्त थेरपी मिळालेले रुग्ण’ म्हणजे नक्की कोण? २०१८ च्या डेटात ते बऱ्याच अंशी ‘वरचा दर मिळवून देतील असं ज्यांच्याबद्दल संस्थेला वाटलं ते रुग्ण’ असतील.

दुसरा नमुना मुक्कामाच्या दिवसांचा. मेडिकेअर नर्सिंग फॅसिलिटीचे शंभर दिवसांपर्यंत पैसे देते, पण पहिले वीस दिवसच पूर्ण. एकविसाव्या दिवसापासून रुग्णाच्या खिशातून रोज चांगली मोठी रक्कम जाते. साहजिकच विसाव्या दिवसाच्या आसपास घरी जाणाऱ्यांची रांग लागते. विसाव्या दिवशी कुणाचा हात अचानक चालू होत नाही. ज्यांच्याकडे पूरक विमा आहे किंवा मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी योजना) आहे त्यांना हा धक्का बसत नाही, म्हणून तेच जास्त दिवस राहिलेले दिसतात. मुक्कामाची लांबी हा ‘उपचाराचा डोस’ म्हणून मॉडेलमध्ये घातला, तर नकळत रुग्णाच्या ऐपतीचा डोस मोजला जाईल.

यावरून मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावतो. डेटात कुठेही सुळका, खड्डा किंवा पायरी दिसली, की आधी त्या वर्षीचा पैसे देण्याचा नियम उघडायचा, वैद्यकीय कारण नंतर शोधायचं. दहापैकी आठ वेळा उत्तर नियमातच असतं. उरलेल्या दोनांत आपल्या प्रोग्रॅममधली चूक निघते, असं मी गमतीने म्हणतो.

डेटात कोण आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोण नाही, हे ठरवणं पुढचं काम. मेडिकेअर ६५ वर्षांवरच्यांसाठी आहे, शिवाय काही अपंग व्यक्ती आणि किडनी निकामी झालेले रुग्ण. पण यातल्या ज्यांनी मेडिकेअर अॅडव्हान्टेज म्हणजे खासगी कंपनीमार्फतची योजना घेतली आहे, त्यांचे क्लेम तुमच्या नेहमीच्या फाइलीत तसेच्या तसे येत नाहीत. असे लोक आता निम्म्याहून जास्त आहेत. हे नुसतं आकड्याचं दुखणं नाही. या खासगी योजना पुनर्वसन रुग्णालयात पाठवण्याआधी पूर्वमंजुरी मागतात आणि पुष्कळदा नर्सिंग फॅसिलिटीकडे वळवतात. मूळ मेडिकेअरमध्ये उरलेले लोक त्यामुळे वर्षागणिक वेगळे होत चाललेत, आणि हा फरक काउंटीप्रमाणे बदलतो. तुम्हाला घटनेआधीचे बारा महिने आणि नंतरचा पूर्ण कालावधी पार्ट ए (रुग्णालयाचा विमा) आणि पार्ट बी (डॉक्टर व बाह्यरुग्ण सेवांचा विमा) दोन्हीत सलग असलेले, अॅडव्हान्टेजमध्ये नसलेले लोकच घ्यावे लागतील. मासिक नोंदणी लाभार्थ्यांच्या सारांश फाइलीत असते. मृत्यू झाला तर ‘सलग’ची अट मृत्यूच्या महिन्यापर्यंतच लावायची. नाहीतर वर्षभर जगलेलेच निवडले जातात आणि सगळा अभ्यास गोड गोड निघतो.

रुग्ण शोधताना कोडिंगची एक मेख आहे, ती पुस्तकात पटकन सापडत नाही. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत निदानाच्या कोडची आयसीडी-१० ही यादी आली. मेंदूला रक्तपुरवठा तुटून झालेला पक्षाघात आय६३ खाली, रक्तस्राव आय६१ खाली. पण हे कोड तीव्र अवस्थेतल्या भरतीचे. तोच रुग्ण चार दिवसांनी पुनर्वसनाला गेला की तिथल्या क्लेमवर आय६९ येतो, म्हणजे पक्षाघाताचे मागे राहिलेले परिणाम. खुब्याच्या हाडाचंही तेच. एस७२ च्या कोडला सातवं अक्षर असतं: चालू उपचारासाठी ‘ए’, नंतरच्या देखभालीसाठी ‘डी’. पुनर्वसनाच्या क्लेमवर ‘ए’ शोधत बसलात तर पुष्कळ रुग्ण हातचे जातील. म्हणून मूळ घटना नेहमी तीव्र रुग्णालयाच्या भरतीवरून ठरवा आणि पुढचे क्लेम तारखेने जोडा. पुनर्वसनाच्या क्लेमवरच्या निदानावरून रुग्ण शोधणं म्हणजे आधी कळस मग पाया.

रुग्ण पुढे कुठे गेला, हे तीव्र रुग्णालय आपल्या बिलावर एका अंकाने लिहितं: ०१ म्हणजे घरी, ०३ नर्सिंग फॅसिलिटी, ०६ घरपोच सेवेसह घरी, ६२ पुनर्वसन रुग्णालय. हा अंक सोयीचा आहे, पण त्यावर विसंबू नका. डिस्चार्जच्या दिवशी जे ठरलं होतं ते लिहिलेलं असतं, घडलेलं वेगळं असू शकतं. पुढच्या संस्थेचा क्लेम सापडतो का ते बघा: त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरती आहे का? आणि ती संस्था कोणती, हे तिच्या मेडिकेअर क्रमांकावरून ओळखा. सहा अंकी क्रमांकाचे शेवटचे चार ३०२५ ते ३०९९ मध्ये असतील तर स्वतंत्र पुनर्वसन रुग्णालय, तिसऱ्या जागी ‘टी’ असेल तर मोठ्या रुग्णालयातला पुनर्वसन विभाग. हा ‘टी’ ज्यांना माहीत नसतो, ते पुनर्वसन विभागातली भरती चक्क तीव्र रुग्णालयात पुन्हा दाखल म्हणून मोजतात, आणि मग पुनर्वसनाला गेलेल्यांचं रीअॅडमिशन भयंकर दिसतं. असे मसुदे परीक्षणाला अजूनही येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न: पुनर्वसन रुग्णालय की नर्सिंग फॅसिलिटी?

इथे घोडं पेंड खातं. पुनर्वसन रुग्णालयात जायचं तर रोज साधारण तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी झेपेल अशी अपेक्षा असते. म्हणजे दारातच निवड होते. जो दमतो, ज्याला स्मृतिभ्रंश आहे, ज्याच्या घरी नंतर सांभाळायला कुणी नाही, तो नर्सिंग फॅसिलिटीकडे जातो. सहा महिन्यांनी पहिला गट बरा दिसला तर त्यातलं किती उपचारामुळे आणि किती निवडीमुळे? प्रोपेन्सिटी स्कोर (कुठल्या गटात जाण्याची शक्यता किती, हे काढून सारखे रुग्ण जुळवण्याची पद्धत) लावून हे सुटलं असं बरेच लोक समजतात. पण स्कोर जुळवतो ते डेटात असलेल्या गोष्टी: वय, लिंग, सहव्याधी, आधीची भरती. पक्षाघाताआधी आजी स्वतः बाजारात जात होत्या की पलंगावर होत्या, मुलगी त्याच गावात राहते की दोन हजार मैलांवर, हे क्लेममध्ये नाही. डिस्चार्ज ठरवणाऱ्या समाजसेविकेच्या डोक्यात मात्र नेमकं हेच असतं. तुम्ही वॉर्डात काम केलंय, तेव्हा हे तुम्हाला मी सांगायला नको.

तीव्रतेच्या बाबतीत थोडी सोय झाली आहे. ऑक्टोबर २०१६ पासून एनआयएचएसएस हा पक्षाघाताच्या तीव्रतेचा स्कोर आर२९.७ या मालिकेतल्या कोडने क्लेमवर लिहिता येतो, शून्यापासून ४२ पर्यंत. तो वापराच. पण सगळी रुग्णालयं तो सगळ्यांसाठी लिहीत नाहीत, आणि न लिहिलेले रुग्ण लिहिलेल्यांसारखेच असतील असं धरता येत नाही. किती जणांचा आहे, कुठल्या रुग्णालयांत नाही, याचा तक्ता पहिल्याच पानावर ठेवा.

यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे अंतर. रुग्णाच्या पिनकोडपासून सगळ्यात जवळचं पुनर्वसन रुग्णालय नर्सिंग फॅसिलिटीच्या तुलनेत किती दूर, याला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणून वापरायचं, म्हणजे रुग्ण कुठे जातो ते बदलणारी पण आजाराशी थेट संबंध नसलेली बाहेरची गोष्ट म्हणून. जवळ राहणारा तिथे जाण्याची शक्यता जास्त, आणि जवळ राहण्याने आजार काही हलका होत नाही, हा तर्क. तर्क चांगला आहे, पण पुनर्वसन रुग्णालयं शहरांत असतात, आणि शहरातल्या माणसाला तीव्र उपचारही वेगळे मिळतात, पुढचे डॉक्टरही. शिवाय या पद्धतीचं उत्तर फक्त अशा रुग्णांपुरतं असतं ज्यांची जागा अंतरामुळे बदलली असती. ज्याला कुठल्याही परिस्थितीत पुनर्वसन रुग्णालयातच पाठवलं असतं, त्याच्याबद्दल ते काही बोलत नाही. हे लेखात स्पष्ट लिहा.

त्याहून मला आवडतो तो धोरणातला बदल पकडण्याचा मार्ग. याचं उत्तम उदाहरण सांधेबदलाचं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मेडिकेअरने सीजेआर नावाचा प्रयोग ६७ महानगर भागांत सुरू केला. हे भाग सोडतीसारख्या पद्धतीने निवडले होते, आणि तिथल्या रुग्णालयांना सुरुवातीला सहभाग सक्तीचा होता. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर डिस्चार्जनंतरच्या ९० दिवसांच्या एकूण खर्चाची जबाबदारी रुग्णालयावर. परिणाम काय झाला, तर रुग्णांना पुनर्वसन संस्थेत पाठवण्याऐवजी थेट घरी पाठवणं वाढलं, खर्च थोडा उतरला आणि गुंतागुंती वाढल्याचं दिसलं नाही. इथे कोण कुठे गेलं हे रुग्णाच्या प्रकृतीपेक्षा रुग्णालयाच्या पत्त्याने ठरलं, म्हणून तुलना विश्वासाची. पक्षाघातासाठी इतकी स्वच्छ संधी नाही. पण पीडीपीएमचा ऑक्टोबर २०१९ हा तुमच्या थेरपीच्या प्रश्नासाठी त्याच जातीचा आहे: मिनिटं कमी झाली, रुग्ण बदलले नाहीत, मग परिणाम बदलला का? मी तुमच्या जागी असतो तर प्रबंधाचा पहिला लेख यावरच लिहिला असता. पाचच महिन्यांनी कोविड आला, ही त्यातली अडचण. पण निदान जानेवारी-फेब्रुवारी २०२० पर्यंतचा तुकडा वापरता येतो.

थेरपीच्या डोसबद्दल अजून एक. ‘डिस्चार्जनंतर ६० दिवसांत वीस किंवा जास्त सेशन झालेले’ आणि ‘पाचपेक्षा कमी झालेले’ अशी तुलना बरेच जण करतात. वीस सेशन व्हायला माणूस तेवढे दिवस जिवंत आणि घरी असावा लागतो. जो दहाव्या दिवशी न्यूमोनियाने पुन्हा भरती झाला, तो आपोआप कमी सेशनच्या गटात. मग ‘थेरपीने मृत्यू कमी झाले’ असं निघतं, आणि ते काही थेरपीचं श्रेय नसतं. दुसऱ्या टोकाला, जो झपाट्याने सुधारला तोही पाच सेशनमध्ये थांबतो. उपाय एवढाच, की एक दिवस ठरवा, समजा तिसावा. त्या दिवशी जे जिवंत आणि घरी आहेत त्यांनाच घ्या, तोवरच्या सेशन मोजा आणि परिणाम त्यानंतरचे बघा. याने उत्तराची व्याप्ती कमी होते, पण ते खोटं राहत नाही.

परिणामाचं काय मोजायचं? क्लेमवरून मृत्यू, पुन्हा दाखल होणं आणि नर्सिंग होममध्ये कायमचं राहणं चांगलं कळतं. माझा आवडता निकष म्हणजे ‘घरी घालवलेले दिवस’: घटनेनंतरच्या ९० दिवसांत किंवा वर्षात माणूस जिवंत आणि कुठल्याही संस्थेबाहेर किती दिवस होता. पक्षाघातात हा आकडा अपंगत्वाच्या मोजमापांशी बऱ्यापैकी जुळतो, आणि रुग्णाला विचाराल तर त्यालाही हेच हवं असतं. फक्त एक गोम लक्षात ठेवा. नर्सिंग होममधला दीर्घकाळचा सांभाळ मेडिकेअरच्या पैशातून होत नाही, तो मेडिकेड किंवा घरच्यांच्या खिशातून. त्यामुळे मेडिकेअरचे नुसते क्लेम बघितले तर नर्सिंग होममध्ये कायमची राहणारी व्यक्ती ‘घरी’ दिसते! एमडीएस जोडल्याशिवाय हा निकष वापरू नका.

रुग्ण चालतो का, कपडे घालतो का, हे मूल्यांकनाच्या फाइलीत असतं. पुनर्वसन रुग्णालयांत आधी एफआयएम हे स्वावलंबन मोजण्याचं माप होतं. ऑक्टोबर २०१९ पासून ते गेलं आणि त्याची जागा ‘जीजी’ विभागातल्या बाबींनी घेतली, ज्यात एक ते सहा गुण असतात आणि सहा म्हणजे पूर्ण स्वावलंबी. याच बाबी नर्सिंग फॅसिलिटी आणि घरपोच सेवेतही नोंदवल्या जातात, म्हणून तुलना शक्य झाली. पण हे गुण देणारी संस्था तीच आहे जिचे पैसे आणि दर्जाचं मोजमाप या गुणांवर ठरतं. भरतीच्या वेळी गुण कमी आणि डिस्चार्जला जास्त पडले तर संस्थेचं भलंच होतं. कुणी लबाडी करतं असा माझा आरोप नाही. दोन गुण द्यायचे की तीन, अशा सीमेवर पेन कुठे वळतं, एवढंच सांगतोय. शिवाय जो अचानक तीव्र रुग्णालयात परत गेला त्याचं डिस्चार्जचं मूल्यांकन बहुधा नसतंच, आणि वाईट परिणाम झालेला नेमका तोच.

थांबून एवढं बघू. थेरपीचा ‘डोस’ क्लेममध्ये धूसर आहे आणि पैशाने वाकलेला आहे. संस्थांची तुलना निवडीने वाकलेली आहे, त्यावर धोरणातला बदल हा सगळ्यात बरा उपाय. परिणामांपैकी घरी घालवलेले दिवस भरवशाचे, कार्यक्षमतेचे गुण सावधपणे. तुमचा प्रश्न ‘जास्त थेरपीने जास्त सुधारणा होते का’ ऐवजी ‘पैशाच्या नियमामुळे थेरपी घटली तेव्हा पक्षाघाताच्या रुग्णांचे घरी घालवलेले दिवस बदलले का’ असा झाला, तर या डेटात त्याचं उत्तर मिळू शकतं. वाटायला प्रश्न लहान वाटेल, पण गाइडला तो पटेल.

कोणती वर्षं घ्यायची यावर बरंच अवलंबून आहे. गुडघेबदल बघणाऱ्यांसाठी खास सूचना: २०१८ पासून मेडिकेअरने ही शस्त्रक्रिया ‘फक्त भरती करून’च्या यादीतून काढली, खुब्याची २०२० पासून. नुसती भरतीची फाइल घेतलीत तर गुडघेबदल अचानक कमी झाल्यासारखे दिसतात, आणि उरलेले रुग्ण जास्त आजारी. धडधाकट रुग्ण बाह्यरुग्ण फाइलीत गेलेत, एवढंच. घरपोच सेवेचे पैसे देण्याची पद्धत जानेवारी २०२० ला बदलली. कोविडमध्ये नर्सिंग फॅसिलिटीआधीची तीन दिवसांच्या भरतीची अट आणि पुनर्वसन रुग्णालयाची तीन तासांची अट शिथिल झाली, ती मे २०२३ पर्यंत. हे सगळं एका कागदावर तारखेनुसार लिहून टेबलासमोर लावा. मी लावतो.

आता महाराष्ट्र. तुम्ही एका ओळीत विचारलंत, पण मला हा भाग जास्त जवळचा आहे.

जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ मध्ये आली आणि आता दोन्ही एकत्र चालतात. क्लेम पॅकेजप्रमाणे असतात: अमुक शस्त्रक्रिया, तमुक रक्कम. पूर्वमंजुरी, आधीचे-नंतरचे एक्सरे, डिस्चार्ज कार्ड हे सगळं त्यासोबत चढवलं जातं, आणि काही बाबतींत ही माहिती मेडिकेअरच्या क्लेमपेक्षाही भरीव असते. एखाद्या जिल्ह्यात कोणती शस्त्रक्रिया किती, सरकारी की खासगी रुग्णालयात, कुठल्या तालुक्यातून लोक किती दूर आले, हे उत्तम अभ्यासता येईल.

पुनर्वसन मात्र यात जवळजवळ दिसत नाही. प्रधानमंत्री योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस धरलेले असतात. साताऱ्याच्या एखाद्या खेड्यातले आजोबा पक्षाघातातून डिस्चार्ज होऊन घरी गेले, की त्यापुढे तालुक्याहून मोटारसायकलवर येणारा फिजिओ किंवा गावातला मालिशवाला. पैसे रोख, नाहीतर मोबाइलवर. त्याचा क्लेम कुठेच नाही. खासगी विम्यातही बाह्यरुग्ण फिजिओथेरपी बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांपुरतीच मिळते.

याहून मूलभूत अडचण दुसरी आहे. मेडिकेअरमध्ये दर महिन्याला कोण नोंदलेला आहे आणि कोण कधी गेला हे माहीत असतं, मृत्यूची तारीख फाइलीत असते. आपल्याकडे एखाद्याचा पुढचा क्लेम आला नाही, तर तो बरा असेल, वारला असेल, किंवा मुलाने कर्ज काढून पुण्याच्या खासगी रुग्णालयात रोख पैसे भरून नेला असेल. तिन्ही गोष्टी डेटात सारख्याच कोऱ्या दिसतात. अशा डेटावर रीअॅडमिशनचा दर काढून छापणं धोक्याचं आहे.

तरी करता येण्यासारखं आहे. क्लेमला निष्कर्षाचा डेटा मानू नका, रुग्णांची यादी माना. राज्य आरोग्य हमी सोसायटीची परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी घेऊन एका जिल्ह्यातले पक्षाघाताचे किंवा खुब्याचे रुग्ण यादीतून निवडा, आणि ९० दिवसांनी फोन करा: चालता का, कुणाची मदत लागते, कोण व्यायाम घेतं, किती पैसे गेले. मॉडिफाइड रँकिन स्केल हे पक्षाघातानंतरचं अपंगत्व मोजणारं माप फोनवर विचारता येतं, आणि मराठीत नीट विचारणारी माणसं आपल्या फिजिओ कॉलेजांत भरपूर आहेत. क्लेममधून खर्चाची आणि उपचाराची बाजू, फोनवरून माणसाची बाजू. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे संमतीचा मजकूर आधीपासून काळजीपूर्वक बनवा. नंतर दुरुस्त करायला गेलात तर सगळे फोन वाया.

तिकडच्या परवानगीबद्दल. मेडिकेअरचा डेटा मागताना मिनेसोटा विद्यापीठातलं रेसडॅक नावाचं मदत केंद्र अर्ज तपासून देतं. त्यांना ईमेल करायला लाजू नका, त्यांचं कामच ते आहे. कराराला आणि मंजुरीला महिने लागतात आणि पैसेही लागतात, तेव्हा कोणत्या फाइली आणि कोणती वर्षं हे वरच्या कागदावरून आधी ठरवा. नंतर एमडीएस राहून गेली म्हणून पुन्हा अर्ज करणारे मी पाहिलेत. छापताना ११ पेक्षा कमी रुग्णांचा कुठलाही रकाना दाखवता येत नाही, आणि बेरीज-वजाबाकीने तो काढता येईल असंही ठेवता येत नाही. ग्रामीण काउंटीनिहाय तक्त्यांचं स्वप्न त्यामुळे आधीच आवरा.

डेटा हातात आला की प्रोग्रॅम लिहिण्याआधी, सुरक्षित सर्व्हरवरच, थोडे रुग्ण निवडून त्यांचे सगळ्या फाइलींतले क्लेम तारखेनुसार एकाखाली एक लावा आणि वाचा. भरती, पुनर्वसन, पुन्हा भरती, घरपोच सेवा, व्हीलचेअरचं बिल, मृत्यू. ज्या ठिकाणी तारखा एकमेकींवर चढतात किंवा मध्येच दोन दिवस कोरे जातात, तिथे थांबून कारण शोधा. पुनर्वसन रुग्णालयातून तीव्र रुग्णालयात गेलेला रुग्ण तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या आत परत आला तर पुनर्वसनाचा एकच सलग क्लेम दिसतो, असल्या गोष्टी तिथेच कळतात. वॉर्डात काम केलेल्या माणसाला हे वाचन संख्याशास्त्रज्ञापेक्षा लवकर जमतं.

संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंगसाठी सॅस वापरावं की आर, असंही तुम्ही तळटीपेत विचारलंय. विश्लेषणाला आर चालेल. पण मेडिकेअरवर इतरांनी लिहिलेले आणि वाटलेले बरेचसे प्रोग्रॅम, सहव्याधी मोजण्याचे आणि मुक्काम जोडण्याचे, सॅसमध्येच आहेत. निदान वाचण्यापुरतं सॅस शिका.